सॉर्टेड सेट वापरताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सॉर्टेड सेटबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एका जागी टाकलेत. उदाहरणं बहुतेक जावाची आहेत कारण विचारणारेही बहुतेक जावावालेच असतात, पण सी प्लस प्लस, सी शार्प आणि पायथनमध्ये जिथे वेगळं काही घडतं तिथे तेही लिहिलंय. निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ एकच निघतं आणि ते प्रश्न ४ मध्ये आहे, घाईत असाल तर आधी तोच वाचा.

१. सॉर्टेड सेट म्हणजे काय? लिस्ट सॉर्ट केली की झालं ना?

लिस्ट सॉर्ट केली की ती त्या क्षणापुरती सॉर्ट होते, पुढची वस्तू टाकली की ती आपली शेवटी जाऊन बसते आणि तुम्ही परत सॉर्ट करत बसता. सॉर्टेड सेटमध्ये प्रत्येक वस्तू आत येतानाच आपल्या जागेवर जाते, त्यामुळे कधीही फिरवून बघा, क्रमानेच मिळणार, आणि सेट असल्यामुळे तीच वस्तू दोनदा राहत नाही. जावात सॉर्टेडसेट हा इंटरफेस १.२ पासून म्हणजे १९९८ पासून आहे, २००६ मध्ये जावा ६ ने त्यावर नॅव्हिगेबलसेट आणला, आणि रोज वापरायचा क्लास म्हणजे ट्रीसेट. सी प्लस प्लसमध्ये नुसता सेट म्हटलं तरी तो सॉर्टेडच असतो. सी शार्पला सॉर्टेडसेट डॉट नेट ४ मध्ये, २०१० ला मिळाला. पायथनचं वेगळंच आहे, प्रश्न १७ बघा.

एकदाच भरायचं आणि नंतर फक्त वाचायचं असेल तर मात्र सॉर्ट केलेली लिस्ट आणि बायनरी सर्च हेच बरं, उगाच ट्री कशाला.

२. हॅशसेट, लिंक्डहॅशसेट, ट्रीसेट यातला कुठला कधी घ्यायचा?

क्रमाशी देणंघेणं नसेल तर हॅशसेट. ज्या क्रमाने टाकलं त्याच क्रमाने परत हवं तर लिंक्डहॅशसेट. लहान-मोठ्याच्या क्रमाने हवं, किंवा "या आकड्याच्या लगेच खालचा कोण" असले प्रश्न विचारायचे असतील तर ट्रीसेट. नुसतं शेवटी एकदा क्रमाने प्रिंट करायचं म्हणून ट्रीसेट घेणारे खूप भेटतात, तेव्हा हॅशसेटमध्ये गोळा करून शेवटी एकदा सॉर्ट केलं तरी काम भागतं. आणि वस्तू एनम (आधीच ठरवून दिलेल्या नावांची यादी) असतील तर एनमसेट घ्या, तो आतून बिट्सवर चालतो, एनम ज्या क्रमाने लिहिलेत त्याच क्रमाने देतो, वेगाच्या बाबतीत ट्रीसेट त्याच्या जवळपासही जात नाही.

३. आतून हे चालतं कसं? दरवेळी सगळं सॉर्ट होतं का?

नाही हो. आत रेड-ब्लॅक ट्री असते, म्हणजे स्वतःचा तोल स्वतः सांभाळणारं बायनरी सर्च ट्री. मूळ कल्पना रुडॉल्फ बायर यांची, १९७२ ची, आणि लाल-काळं हे नाव गिबास आणि सेजविक यांनी १९७८ मध्ये दिलं. नवीन वस्तू आली की ती मुळापासून खाली एकेका नोडशी तुलना करत उतरते आणि जागा सापडली की बसते, मग गरज पडली तर दोन-तीन नोड फिरवून तोल सावरला जातो. १० लाख वस्तू असतील तर अगदी समतोल ट्रीची उंची २० च्या आसपास येते, आणि रेड-ब्लॅक ट्री त्याच्या दुपटीपेक्षा फार पुढे जात नाही, म्हणजे वाईटात वाईट ४० एक तुलना. टाकणं, शोधणं, काढणं तिन्हीला हाच हिशोब.

गंमत म्हणजे जावाचा ट्रीसेट स्वतः काहीच करत नाही, त्याच्या पोटात ट्रीमॅप (किल्ली आणि तिची व्हॅल्यू अशा जोड्या किल्लीच्या क्रमाने ठेवणारा क्लास) बसलेला असतो आणि सगळ्या किल्ल्यांना व्हॅल्यू म्हणून एकच डमी ऑब्जेक्ट चिकटवलेला असतो. मेमरी त्यामुळे बऱ्यापैकी लागते, ६४ बिट जेव्हीएमवर पॉइंटर कॉम्प्रेस्ड असतानाही एका नोडला ४० बाइट जातात आणि त्यात तुमचा ऑब्जेक्ट धरलेला नाही.

४. दोन वेगळे ऑब्जेक्ट टाकले पण सेटमध्ये एकच दिसतोय, दुसरा गेला कुठे?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. समजा विद्यार्थी क्लास आहे, कम्पॅरेटर (दोघांत लहान कोण, मोठा कोण ते सांगणारा कोड) गुणांवर लावलाय, अमोलला ४५ गुण आणि स्नेहालाही ४५. आधी अमोल टाकला, मग स्नेहा टाकली, सेटचा साइज १. ना एरर, ना वॉर्निंग, ॲड मेथडने गुपचूप फॉल्स रिटर्न केलं, आणि ते फॉल्स कोण बघतंय.

कारण असं की ट्रीसेट इक्वल्सला (दोन ऑब्जेक्ट सारखे आहेत का ते सांगणाऱ्या मेथडला) विचारतच नाही. त्याला माहीत असलेली एकच गोष्ट म्हणजे तुमचा कम्पॅरेटर. कम्पॅरेटरने ऋण दिलं तर डावीकडे, धन दिलं तर उजवीकडे, आणि शून्य दिलं तर "अरे हा तर आधीच आहे" म्हणून सोडून देतो. म्हणजे तुम्ही कम्पॅरेटर लिहिता तेव्हा तुम्हाला वाटतं की आपण क्रम सांगतोय, पण सेट त्यातून दोन गोष्टी वाचतो, क्रम कसा आणि एकच कोणाला म्हणायचं. गुणांवरचा कम्पॅरेटर लिहून तुम्ही सेटला सांगितलं की सारखे गुण असलेले सगळे विद्यार्थी हे एकच माणूस. त्याने मुकाट्याने ऐकलं.

शब्दांच्या लांबीवर क्रम लावला की प्रत्येक लांबीचा एकच शब्द उरतो, तारखेवर ऑर्डर लावल्या की दिवसाला एकच ऑर्डर उरते, सगळी तीच गोष्ट. आणि यात पहिला आलेला टिकतो, नंतरचा जातो, "नवीन व्हॅल्यूने जुनी बदलली जाईल" अशी आशा असेल तर तीही सोडा.

उपाय सोपा आहे, बरोबरी झाली तर पुढचा निकष द्या: आधी गुण, मग नाव, आणि शेवटी कधीच सारखं नसणारं काहीतरी, रोल नंबर किंवा आयडी. जावा ८ पासून कम्पेअरिंग आणि देन-कम्पेअरिंग जोडून हे एका ओळीत होतं. माझी सवय अशी की सेटसाठीचा कुठलाही कम्पॅरेटर आयडीवर संपला नाही तर रिव्ह्यूमध्ये पुढे जाऊच देत नाही. आणि गुण सारखे असलेले खरोखरच एकत्र ठेवायचे असतील तर मग तुम्हाला सेट नकोच आहे, गुण ते विद्यार्थ्यांची लिस्ट असा ट्रीमॅप हवाय.

५. मग इक्वल्स आणि हॅशकोड लिहायची गरजच नाही का?

ट्रीसेटला नाही लागत, पण लिहा, कारण तोच ऑब्जेक्ट उद्या हॅशसेटमध्ये जाणार आहे आणि लिस्टमध्ये शोधलाही जाणार आहे. कम्पॅरेटरने शून्य दिलं तेव्हाच इक्वल्सने ट्रू द्यावं, दोघांचं जमलं पाहिजे. जावाच्या स्वतःच्या घरातही हे पाळलं गेलेलं नाही, बिगडेसिमल घ्या: १.० आणि १.०० हे इक्वल्सच्या मते वेगळे कारण दशांशानंतरचे आकडे वेगळे, पण कम्पेअर-टूच्या मते सारखे. हॅशसेटमध्ये दोन्ही टाका, साइज २, ट्रीसेटमध्ये टाका, साइज १. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. हा विरोधाभास नुसता पुस्तकी नाही, त्याचा फटका कुठे बसतो ते प्रश्न २१ मध्ये.

६. क्लासकास्ट एक्सेप्शन येतंय, मी तर कुठे कास्ट केलेलंच नाही.

तुमच्या क्लासने कम्पेरेबल (आपली तुलना कशी करायची ते क्लासने स्वतः सांगायचा इंटरफेस) इम्प्लिमेंट केलेलं नाही आणि सेट बनवताना कम्पॅरेटरही दिला नाही. सेट तुमचा ऑब्जेक्ट कम्पेरेबल समजून कास्ट करायला जातो आणि तिथे आपटतो. दोन्हीपैकी एक द्या. बाय द वे, जावा ७ च्या आधी पहिली वस्तू बिनबोभाट जायची आणि दुसरीला एक्सेप्शन यायचं, आता पहिल्यालाच येतं, हे चांगलंच झालं.

७. कम्पॅरेटरमध्ये सरळ वजाबाकी केली तर काय बिघडतं? सगळीकडे तसंच लिहिलेलं दिसतं.

लहान धन आकड्यांवर काहीच बिघडत नाही, म्हणून तर टेस्टमध्ये सापडत नाही. २१४७४८३६४७ मधून उणे १ वजा करा, उत्तर इंटमध्ये मावत नाही, ओव्हरफ्लो होऊन उणे २१४७४८३६४८ येतं आणि सगळ्यात मोठा आकडा सगळ्यात लहान ठरतो. सॉर्ट मेथडला असा बेशिस्त कम्पॅरेटर दिला तर ती निदान कधीकधी तरी ओरडते की कॉन्ट्रॅक्ट मोडलाय, ट्रीसेट ओरडत नाही, तो चुकीच्या जागी वस्तू बसवतो आणि नंतर असलेली वस्तूही नाही म्हणून सांगतो.

डबलवर तर अजून वाईट. १०.७ आणि १०.२ यांची वजाबाकी करून इंटमध्ये कास्ट केली की ०.५ चं ० होतं, आणि शून्य म्हणजे काय ते प्रश्न ४ मध्ये सांगितलंच. इंटिजरची कम्पेअर, डबलची कम्पेअर या तयार मेथड आहेत, त्याच वापरा.

८. सेटमध्ये टाकल्यावर ऑब्जेक्टचे गुण बदलले, आता तो सापडतही नाही आणि काढताही येत नाही. प्रिंट केला की मात्र दिसतो!

बरोबर आहे, तो आहे, पण जुन्या गुणांच्या जागेवर बसलाय. तुम्ही शोधायला जाता तेव्हा सेट नव्या गुणांप्रमाणे रस्ता धरतो आणि भलत्याच फांदीवर पोहोचतो. घरमालकाला न सांगता घर बदललं आणि पत्र जुन्याच पत्त्यावर येत राहिलं त्यातला प्रकार, फक्त उलटा.

मी स्वतः यात एक पूर्ण दिवस घातलाय. स्कोअरबोर्ड होता, स्कोअर वाढला की ऑब्जेक्टवर सेटर मारायचो, सकाळी चालायचं आणि खेळाडू वाढले की दुपारपर्यंत एकच माणूस दोनदा दिसायला लागायचा. कारण काढायला जायचो ते सापडायचं नाही, रिमूव्ह फॉल्स द्यायचं, आणि पुढच्याच ओळीत परत ॲड व्हायचं.

नियम एकच: आधी काढा, मग बदला, मग परत टाका, याच क्रमाने. त्याहून बरं म्हणजे क्रम ज्या फील्डवर आहे ती फील्ड फायनल करून टाका, मग कोणी बदलायला जाईल तर कंपायलरच अडवेल. सी प्लस प्लसने हे आधीच केलंय, तिथे सेटमधली वस्तू कॉन्स्ट असते, आणि २०१७ च्या स्टँडर्डपासून एक्स्ट्रॅक्ट नावाची मेथड आहे जी नोडच उचलून हातात देते, किल्ली बदला आणि परत घाला, नवीन मेमरी न मागता. जावात असलं काही नाही.

९. फ्लोअर, सीलिंग, लोअर, हायर यात नेहमी गोंधळ होतो.

सेटमध्ये १०, २०, ३० आहेत असं धरा. २० साठी फ्लोअर २०, सीलिंगही २०, कारण या दोघांना स्वतःही चालतं. लोअर १०, हायर ३०, कारण या दोघांना स्वतः चालत नाही. २५ विचारलं तर फ्लोअर आणि लोअर दोन्ही २०, सीलिंग आणि हायर दोन्ही ३०. घराची फरशी आणि छत आठवा, फरशीला पाय टेकलेले चालतात, एवढं लक्षात राहिलं की पुरे.

काही सापडलं नाही तर या चौघी नल (म्हणजे "काहीच नाही") देतात. इथे एक खड्डा आहे, उत्तर सरळ इंट व्हेरिएबलमध्ये घेतलं आणि नल आला तर नलपॉइंटर एक्सेप्शन, आणि ओळ बघून कोणाला वाटतही नाही की इथे नल असू शकतो. फर्स्ट आणि लास्ट मात्र रिकाम्या सेटवर नल देत नाहीत, सरळ एक्सेप्शन फेकतात, पोलफर्स्ट आणि पोललास्ट परत नल देतात. एकसारखेपणा नाही, पाठच करा.

याचा खरा उपयोग बघायचा तर वेळांचं बुकिंग घ्या. ११ ते १२ चा नवा स्लॉट द्यायचाय, तर सगळे स्लॉट तपासायची गरज नाही, फक्त दोन शेजारी बघायचे: ११ चा फ्लोअर जो स्लॉट असेल तो ११ ला किंवा आधी संपतोय ना, आणि ११ चा सीलिंग जो असेल तो १२ ला किंवा नंतर सुरू होतोय ना. दोन शोध, काम खलास. फक्त यासाठी ट्रीसेटऐवजी सुरुवातीची वेळ ते स्लॉट असा ट्रीमॅप घ्या, नाहीतर नुसतं शोधण्यासाठी खोटा स्लॉट ऑब्जेक्ट बनवावा लागतो.

सी शार्पमध्ये या चार मेथड नाहीत, तिथे गेट-व्ह्यू-बिट्वीन घेऊन त्याचं मॅक्स किंवा मिन काढावं लागतं.

१०. हेडसेट, टेलसेट, सबसेटमध्ये टोकाचा आकडा धरतात का? आणि मिळते ती कॉपी असते का?

जावात सुरुवात धरतात, शेवट धरत नाहीत. १० ते ३० चा सबसेट मागितला तर ३० येणार नाही. नॅव्हिगेबलसेटमध्ये ट्रू-फॉल्स देऊन दोन्ही टोकं हवी तशी ठरवता येतात, आणि मी कायम तीच वापरतो, निदान वाचणाऱ्याला कळतं. सी शार्पमध्ये दोन्ही टोकं धरली जातात, दोन्ही भाषांत काम करणाऱ्यांनी जपून.

कॉपी नसते, खिडकी असते. मूळ सेटमध्ये टाकलं की खिडकीत दिसतं, खिडकीतून क्लिअर केलं की मूळातून तेवढा पट्टा उडतो, आणि हे खरं तर फार सोयीचं आहे, ३० दिवसांपेक्षा जुनं सगळं काढायचं तर हेडसेट घ्या आणि क्लिअर मारा. पण खिडकीच्या हद्दीबाहेरची वस्तू खिडकीतून टाकायला गेलात तर इलीगल आर्ग्युमेंट एक्सेप्शन. आणि छोटीशी खिडकी कुठेतरी धरून ठेवली तर तिच्यामागे पूर्ण ट्री मेमरीत अडकून राहतं, जास्त काळ ठेवायची असेल तर नवीन ट्रीसेट बनवून घ्या.

११. दुसरा सगळ्यात मोठा कसा काढू? आणि पाचशेव्या नंबरचा? आणि एखाद्याची रँक?

दुसरा मोठा सोपा आहे, लास्ट घ्या आणि त्याचा लोअर विचारा. पाचशेवा मात्र सरळ मिळत नाही, ट्रीसेटला इंडेक्स नाही, कारण नोडमध्ये आपल्या खाली किती जण आहेत ही नोंदच ठेवलेली नसते. फिरत फिरत जावं लागतं.

रँकसाठी लोक हेडसेटचा साइज घेतात आणि दिसायला ते झकास दिसतं, पण त्या खिडकीचा साइज मोजताना आत एकेक नोड मोजला जातो. लाखभर खेळाडूंच्या बोर्डवर प्रत्येक रिक्वेस्टला हे केलं तर सर्व्हर घामाघूम. सी प्लस प्लसवाल्यांना जीएनयू कंपायलरसोबत येणारं पॉलिसी बेस्ड ट्री वापरता येतं ज्यात क्रमांकाने शोधणं आणि रँक दोन्ही पटकन मिळतात. जावात एकतर स्वतः तसलं ट्री लिहा, नाहीतर गुणांची मर्यादा लहान असेल तर फेनविक ट्री वापरा, तो लिहायला वीस ओळींचा आहे.

१२. लूपमध्ये काढलं की कॉन्करंट मॉडिफिकेशन एक्सेप्शन येतं, पण माझ्याकडे थ्रेड तर एकच आहे!

नावावर जाऊ नका. फॉर-ईच लूप चालू असताना त्याच सेटवर रिमूव्ह किंवा ॲड केलं की इटरेटरला (लूपमध्ये एकेक वस्तू काढून देणाऱ्याला) कळतं आपल्या पायाखालची जमीन हलली. इटरेटरचंच रिमूव्ह वापरा किंवा जावा ८ पासूनचं रिमूव्ह-इफ. लूपमध्ये टाकायचंच असेल तर वेगळ्या लिस्टमध्ये जमवा आणि लूप संपल्यावर टाका.

१३. नल टाकता येतो का?

नैसर्गिक क्रम (म्हणजे कम्पॅरेटर न देता कम्पेरेबलने ठरलेला) असेल तर नाही, नलपॉइंटर एक्सेप्शन. जावा ७ च्या आधी रिकाम्या सेटमध्ये पहिला नल चुकून जायचा, ती फट बुजवली. नल्स-फर्स्ट किंवा नल्स-लास्ट असा कम्पॅरेटर गुंडाळला तर जातो, पण मग फ्लोअरने नल दिला तो "सापडला नाही" वाला की सेटमधला, हे कसं ओळखणार? टाळाच.

१४. स्ट्रीमवर सॉर्टेड लावलं आणि सेटमध्ये गोळा केलं तरी क्रम विस्कटलेला, का?

कलेक्टर्सचं टू-सेट तुम्हाला कुठला सेट देईल याची हमी देत नाही, आणि प्रत्यक्षात हॅशसेट येतो. म्हणजे तुम्ही भाजी नीट निवडली आणि परत त्याच पिशवीत ओतली. टू-कलेक्शन वापरून ट्रीसेट मागा, मग आधीचं सॉर्टेडही लागत नाही. सेट-डॉट-ऑफ ने बनवलेल्याचंही तेच, क्रमाची हमी शून्य.

१५. मराठी शब्द टाकले की क्रम विचित्र येतो, ळ भलतीकडेच.

स्ट्रिंगचा नैसर्गिक क्रम म्हणजे युनिकोडच्या नंबरांचा क्रम, वर्णमालेचा नाही. युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसवलाय, आपण मात्र ह नंतर ळ म्हणतो, त्यामुळे ट्रीसेट "कळस" आधी देतो आणि "कवच" नंतर, मराठी कोश उलट देईल. मात्रा व्यंजनांच्या नंतर आणि हलंत त्याच्याही नंतर असल्यामुळे बाराखडी आणि जोडाक्षरं बऱ्यापैकी जागेवर येतात, म्हणून चूक लगेच लक्षात येत नाही. कम्पॅरेटर म्हणून कोलेटर (भाषेच्या नियमाने शब्दांची तुलना करणारा) द्या, शक्यतो आयसीयू लायब्ररीचा मराठी लोकेलचा, आणि आपल्या खऱ्या डेटावर क्रम डोळ्याने बघून घ्या.

पण कोलेटर सैल पातळीवर लावला की तो थोड्या फरकाच्या शब्दांना शून्य देतो, आणि शून्य म्हणजे परत प्रश्न ४, शब्द गायब. कोलेटरच्या मागे साधी स्ट्रिंग तुलना दुसरा निकष म्हणून जोडा.

याच्या उलट दुखणंही आहे, एकच शब्द सेटमध्ये दोनदा दिसतो. "दुसऱ्या" हा शब्द घ्या, त्यातला ऱ एका कीबोर्डवरून एक अक्षर म्हणून येतो, दुसरीकडून र अधिक नुक्ता म्हणून, तिसरीकडून साधा र, हलंत आणि मध्ये न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. डोळ्याला तिन्ही सारखे. पहिले दोन युनिकोडच्या नॉर्मलायझरने (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणाऱ्याने) एक होतात, तिसरा होत नाही, तो तुम्हालाच आधी बदलून घ्यावा लागतो. सेटमध्ये टाकण्याआधी हे सगळं करा, कम्पॅरेटरच्या आत नको, नाहीतर प्रत्येक तुलनेला तेच काम परत परत.

१६. प्रायॉरिटी क्यू वापरू की ट्रीसेट?

फक्त सगळ्यात लहान काढत राहायचं असेल तर प्रायॉरिटी क्यू, हलका आहे आणि डुप्लिकेट चालतात. मधलीच एखादी वस्तू काढायची किंवा तिची प्राधान्यता बदलायची असेल तर ट्रीसेट, कारण क्यूमध्ये मधली वस्तू शोधायला पूर्ण ॲरे चाळावा लागतो. दोन्ही टोकं हवी असतील तरी ट्रीसेट. प्रायॉरिटी क्यू लूपने फिरवला तर क्रमाने मिळत नाही, हेही बऱ्याच जणांना इंटरव्ह्यूतच कळतं.

१७. पायथनमध्ये सॉर्टेड सेट कुठाय?

भाषेसोबत येत नाही. बायसेक्ट मॉड्यूल आहे, त्याने लिस्टमध्ये योग्य जागी घालता येतं, जागा पटकन सापडते पण घालताना पुढचे सगळे सरकवावे लागतात. काही हजारांपर्यंत जाणवतही नाही. त्यापुढे सॉर्टेडकंटेनर्स ही लायब्ररी टाका, तिच्यात इंडेक्सही मिळतो, म्हणजे प्रश्न ११ ची डोकेदुखी तिथे नाही. तिच्या पोटात ट्री नाही, छोट्या छोट्या लिस्टांची लिस्ट आहे, सोबत एक साधा हॅशवाला सेटही. म्हणूनच तिथे एकच कोण हे हॅश आणि इक्वल्स ठरवतात, क्रमासाठी दिलेली किल्ली नाही. सारखे गुण असलेले अमोल आणि स्नेहा तिथे दोघंही सुखाने नांदतात. जावातून तिकडे कोड नेताना हा फरक विसरू नका, उलट दिशेने नेताना तर अजिबात नको.

१८. सी प्लस प्लसमध्ये सेटवर लोअर बाउंड फार स्लो पडतोय.

तुम्ही बाहेरचं लोअर बाउंड फंक्शन वापरताय. ते ॲरेसारख्या उडी मारता येणाऱ्या गोष्टींसाठी आहे, सेटच्या इटरेटरला उडी मारता येत नाही, मग तो एकेक पाऊल चालतो. सेटचं स्वतःचं मेंबर लोअर बाउंड वापरा, एका क्षणात फरक दिसेल.

इथलेच अजून दोन: कम्पॅरेटरमध्ये "लहान किंवा बरोबर" लिहू नका, फक्त "लहान" लिहा, नाहीतर वर्तन अपरिभाषित, म्हणजे काहीही होऊ शकतं. नॅन ("हा आकडाच नाही" असं सांगणारी व्हॅल्यू) टाकला तरी तीच गत, कारण तो कोणापेक्षाच लहान नसतो. आणि मल्टीसेटमध्ये इरेजला व्हॅल्यू दिली तर तेवढ्या सगळ्या जातात, एकच काढायची असेल तर आधी फाइंडने इटरेटर मिळवा आणि तो द्या.

१९. उलट क्रमाचा ट्रीसेट दुसऱ्या ट्रीसेटमध्ये कॉपी केला तर क्रम सुलट झाला!

व्हेरिएबलचा टाइप काय लिहिलाय बघा. कॉपी करण्यासाठी ट्रीसेटला दोन कन्स्ट्रक्टर आहेत, एक सॉर्टेडसेट घेणारा जो कम्पॅरेटरही सोबत उचलतो, आणि एक साधं कलेक्शन घेणारा जो नैसर्गिक क्रम लावतो. कुठला चालणार हे कंपायलर डिक्लेअर केलेल्या टाइपवरून ठरवतो, आत खरं काय आहे ते बघत नाही. म्हणजे सेट म्हणून पास केलेला ऑब्जेक्ट खरा ट्रीसेट असला तरी त्याचा कम्पॅरेटर हरवतो. डिपार्टमेंट बदललं की सर्व्हिस बुक मागेच राहतं, तसं. कम्पॅरेटर हातानेच द्या आणि मग ॲड-ऑल करा.

जावा २१ मध्ये ॲडफर्स्ट ही मेथड ट्रीसेटवर दिसते, ती चालवू नका, क्रम सेट ठरवतो म्हणून ती सरळ अनसपोर्टेड ऑपरेशन फेकते. त्याच व्हर्जनचं रिव्हर्स्ड मात्र चालतं.

२०. अनेक थ्रेडमधून वापरायचा असेल तर?

साधा ट्रीसेट नाही. कॉन्करंट-स्किपलिस्ट-सेट घ्या, जावा ६ पासून आहे, आत विल्यम प्यू यांची १९९० ची स्किप लिस्ट. त्याचा साइज सारखा विचारत बसू नका, तो झटक्यात मिळणारा आकडा नाही आणि मोजेपर्यंत शिळाही झालेला असतो. सिंक्रोनाइज्ड रॅपरही चालतो पण लूप फिरवताना कुलूप तुम्हालाच लावावं लागतं, आणि ते विसरलं जातंच.

२१. रिमूव्ह-ऑल कधी काढतं, कधी काढत नाही. सेट तोच, कोड तोच!

हा खरा चकवा. ट्रीसेट कॅपिटल-स्मॉल फरक न मानणारा आहे असं धरा, आत कॅपिटल "ए" आणि कॅपिटल "बी". स्मॉल "ए" असलेली एक वस्तूची लिस्ट देऊन रिमूव्ह-ऑल मारा, "ए" जातो. आता त्याच लिस्टमध्ये अजून दोन भलतीच अक्षरं घाला आणि परत नव्याने मारा, "ए" जागचा हलत नाही. लिस्ट मोठी केली तर कमी वस्तू गेल्या!

कारण रिमूव्ह-ऑल आधी दोघांचे साइज बघतं. सेट मोठा असेल तर लिस्टमधली एकेक वस्तू घेऊन सेटमधून काढतं, म्हणजे तुमचा कम्पॅरेटर चालतो. सेट लहान किंवा बरोबरीचा असेल तर उलट, सेटमधली एकेक घेऊन लिस्टला विचारतं "ही आहे का तुझ्यात", आणि लिस्ट इक्वल्सने उत्तर देते, तिला तुमच्या कम्पॅरेटरची खबरही नसते. कम्पॅरेटर आणि इक्वल्स जमत असतील (प्रश्न ५) तर दोन्ही रस्ते एकाच ठिकाणी पोहोचतात, नसतील तर निकाल डेटाच्या आकारावर. रिमूव्ह-ऑल सोडा, लिस्टवर लूप लावून एकेक रिमूव्ह करा.